केसाएवढी रेघ : गुजरीतल्या एका पेढीचं अक्षर-प्रकरण

अक्षय्य तृतीयेला सकाळी सव्वासातला सराफी पेढीच्या अण्णांचा फोन आला. नमस्कार नाही, चहा झाला का नाही. "पेपर बघितला काय? आमच्या नावातला एन गेलाय. दोन्ही एन गेल्यात."

खाली जाऊन पेपर उचलला. तिसऱ्या पानावर अर्धं पान आमचंच होतं. गडद मरून रंग, मधोमध साजाचा फोटो, खाली पांढऱ्या अक्षरांत पेढीचं इंग्रजी नाव. फोटो झकास आला होता. नावाची मात्र दशा झाली होती. एनचे दोन्ही उभे पाय कागदाने गिळले होते आणि मधली तिरकी जाड रेघ तेवढी भिंतीला टेकवलेल्या काठीसारखी उरली होती. यूचा डावा खांब शाबूत, उजवा गायब. नावाखाली छोटी ओळ होती, तिथे नुसते पांढरे ठिपके.

जाहिरात मी केली होती. प्रूफ मीच पास केलं होतं, तेही लॅपटॉपवर आणि चकचकीत आर्टपेपरवर काढलेल्या लेझर प्रिंटवर बघून. छापणाऱ्यांचा यात दोष नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. कोल्हापुरात अक्षरांची कामं करणाऱ्या कोणाला तरी उपयोग होईल म्हणून सगळं प्रकरण पहिल्यापासून लिहितो आहे.

पेढी आणि तिची मागणी

पेढी कोल्हापूरच्या गुजरीतली, म्हणजे सराफ बाजारातली, अंबाबाईच्या देवळापासून पायी चार-पाच मिनिटांवर. गल्ल्यावर आता तिसरी पिढी बसते. गिऱ्हाईक बहुतेक लग्नाचं. कोल्हापूर-सांगलीचं, निपाणी-बेळगावकडून येणारं. आजवर नावाचं काम तीन गोष्टींवर भागत होतं: दारावरची रंगवलेली मराठी पाटी, बिलावरचा रबरी शिक्का आणि दागिना गुंडाळायचा गुलाबी कागद. आता पुण्या-मुंबईहून आणि परदेशातूनही साज, ठुशी, चिंचपेटी यांच्या ऑर्डरी फोनवर येतात. बॉक्स कुरियरने जातो, आणि तो उघडतानाचा व्हिडिओ कोणीतरी टाकतं. तेव्हा नाव इंग्रजीतही, आणि नीट, दिसायला हवं, असं अण्णांच्या सूनबाईंचं म्हणणं पडलं. पेढीत सगळे त्यांना वहिनी म्हणतात, मीही म्हणतो. पहिल्याच भेटीत त्यांनी एका फॅशन मासिकाचं मुखपृष्ठ माझ्यापुढे ठेवलं. "असं अक्षर पाहिजे. जाडबारीक. बघितल्याबरोबर महाग वाटणारं."

मासिक 'व्होग' होतं. त्याचं नाव ज्या अक्षरात असतं ते फ्रान्सच्या दिदो घराण्याच्या वळणाचं. इटलीचा बोदोनी हा त्याचा सख्खा चुलतभाऊ. अत्तरं, कपडे आणि दागिने विकणाऱ्यांना ही दोन घराणी फार प्रिय आहेत. वहिनींचा नेम चुकला नव्हता. बोदोनी सुचवली मी, कारण ती दिदोपेक्षा थोडी दणकट आहे आणि माझ्या मते गुजरीला तेवढा दणकटपणा लागतो.

अक्षराचा स्वभाव

बोदोनीचं कोणतंही अक्षर घ्या, त्यात जवळजवळ दोनच जाडी असतात. उभा खांब भरगच्च, आणि बाकीचं केसाएवढं. मधलं काही फारसं नाही. खांबाच्या टोकाला जी आडवी पट्टी असते, सेरिफ म्हणतात ती, जुन्या अक्षरांत खांबाला गोलाईने हळूच चिकटलेली असते. इथे ती थेट काटकोनात बसते, खांबावर पत्र्याची चकती ठेवल्यासारखी. गोल ओची जाडी बरोबर डावी-उजवीकडे. डोक्यावर आणि तळाशी तो तुटतो की काय असं वाटावं इतका बारीक. टाक तिरका धरून ओ काढला तर ही जाडी थोडी कललेली येते. बोदोनीत तो कल नाही. हाताने लिहिल्याची खूण पुसून पट्टी-कंपासाने काढल्यासारखं हे अक्षर आहे. आणि लहान लिपीतल्या ए, सी, एफ, आर यांच्या टोकाला एकेक गोळी.

मोठ्या मापात छापलेला कागद अण्णांना दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी धरला. "हे तारकामच की! तार, आणि टोकाला मणी." मग समोरचा साज माझ्याकडे सरकवला. जवमणी, मधली पानं, सगळं ओवून धरणारी तार. "पण तार किती बारीक ओढायची ते सोनं बघून ठरवतात. चोवीस कॅरेटची तार अंगावर टिकत न्हाई, मऊ पडते. बावीसची टिकते." त्या दिवशी मला ते दागिन्याबद्दलचं बोलणं वाटलं.

एनबद्दल इथेच सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्याचा. इंग्रजी मोठ्या लिपीत कोणती रेघ जाड आणि कोणती बारीक हे टाकाच्या जुन्या वळणाने ठरलं आहे. 'ए'चे डावे तंगडे बारीक, उजवे जाड. व्हीचे उलट. यूचा डावा खांब जाड, उजवा बारीक. एममध्ये पहिला खांब बारीक, शेवटचा जाड. आणि एनमध्ये दोन्ही उभे खांब बारीक, जाडी फक्त तिरक्या रेघेला. म्हणजे केसरेघ गेली की इतर अक्षरं लंगडी होतात, पण एन एनच राहत नाही. ज्या पेढीच्या नावात एन दोनदा येतो तिला बोदोनी देताना हे माझ्या डोक्यात आधी यायला हवं होतं.

पार्माचा कागद, कोल्हापूरचा कागद

जाम्बातिस्ता बोदोनी हा उत्तर इटलीतल्या सालुत्सोचा, छापखानेवाल्याचा मुलगा, जन्म १७४०. तरुणपणी त्याने रोममध्ये धर्मप्रसारासाठी चालवलेल्या छापखान्यात काम केलं. तिथे पूर्वेकडच्या नाना लिप्यांचे ठसे होते. (याच छापखान्यातून १७७१ मध्ये देवनागरी खिळे वापरून एक लिपीपुस्तिका निघाली. बोदोनी त्याआधीच रोम सोडून गेला होता. आपण थोडं हळहळायला हरकत नाही.) १७६८ मध्ये पार्माच्या ड्यूकचा छापखाना त्याच्या हाती आला आणि १८१३ मध्ये मरेपर्यंत तो तिथेच राहिला. त्याने कापलेल्या अक्षरांचा दोन खंडांचा नमुनाग्रंथ त्याच्या पत्नीने त्याच्या मागे, १८१८ मध्ये काढला. प्रती २५०.

छापखाना दरबारी होता, हे विसरून चालत नाही. विक्री किती झाली यावर बोदोनीचं घर चालत नव्हतं. उंची कागद, काळीभोर शाई, ऐसपैस समास, ओळींमध्ये भरपूर मोकळी जागा हे सगळं त्याला परवडत होतं. छापलेला कागद तापलेल्या पत्र्यांत दाबून गुळगुळीत करायची वाट इंग्लंडच्या जॉन बास्करव्हिलने आधीच घालून दिली होती. तसा कागद होता म्हणून केसाएवढी रेघ छापता आली, आणि छापता आली म्हणून कापावीशी वाटली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विल्यम मॉरिसला हीच अक्षरं इतकी डोक्यात गेली की आजवर कापलेल्यांत सर्वांत दुर्वाच्य म्हणून त्याने त्यांची संभावना केली. मॉरिसच्या आजूबाजूला हे वळण स्वस्त कागदावर, घाईने छापलेलं दिसत होतं. त्याचा राग मला कळतो. अक्षय्य तृतीयेला मलाही आला होता.

दुसरी गोष्ट मापाची. शिश्याच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक मापाचं अक्षर वेगळं कापावं लागे. बारा पॉइंटाचा पंच (अक्षर कोरलेला पोलादी ठसा) वेगळा, चोवीसचा वेगळा. लहान मापात कारागीर केसरेघ जरा जाड ठेवी, अक्षर किंचित रुंद करी, पोटातली पोकळी मोकळी सोडी. डोळ्याला सगळी एका घराण्यातली वाटत, पण भिंगाखाली ती वेगवेगळी अक्षरं असत. कॉम्प्युटरवर आलेल्या बऱ्याच बोदोनींत मात्र एकच चित्र असतं. ते रबरासारखं ताणायचं किंवा आटवायचं, आणि आटवलं की केसरेघही आटते. माझ्याकडची बोदोनी अशीच, मोठ्या मापासाठी काढलेली होती.

आता हिशेब. केसरेघ अक्षराच्या मापाच्या पन्नासाव्या भागाइतकी धरू. एक पॉइंट म्हणजे ०.३५ मिलिमीटर. ७२ पॉइंटाच्या अक्षरात केसरेघ अर्धा मिलिमीटर भरते. २४ पॉइंटात ०.१७. आठ पॉइंटात ०.०६. ऑफसेटवर चांगल्या कागदावर पाव पॉइंटाची, म्हणजे साधारण ०.०९ मिलिमीटरची काळी रेघ निभावून जाते. रंगातून कोरून काढलेली पांढरी रेघ मात्र त्याच्या दुप्पट तरी हवी, कारण शाई दोन्ही बाजूंनी आत सरकते. आणि हा झाला चांगल्या कागदाचा नियम. वर्तमानपत्राचा कागद पातळ, ४५ जीएसएमच्या (चौरस मीटरला ४५ ग्रॅम) आसपासचा, शाई पिणारा. छटा बारीक ठिपक्यांनी छापतात, आणि ५० टक्के जागा व्यापायला काढलेले ठिपके शाई पसरून छापल्यावर ७५च्या घरात जातात.

आमचं नाव जाहिरातीत २४ पॉइंटात होतं. वहिनींना ते लहान हवं होतं, मोठ्या ब्रँडवाल्यांसारखं. बडं नाव ओरडत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटलं होतं. तेव्हा केसरेघ ०.१७ मिलिमीटर. त्यात मरून रंग चार शाया मिळून झालेला: निळा, किरमिजी, पिवळा, काळा. चार प्लेटांवर चारदा ती पांढरी जागा मोकळी सोडायची, आणि चारही जागा एकावर एक बरोबर बसायला हव्यात. एवढ्या वेगाने पळणाऱ्या कागदावर एखादी प्लेट ०.१ मिलिमीटर सरकली तरी पेपरच्या दृष्टीने ती चूक नव्हे. आमच्या पांढऱ्या रेघेचा निम्म्याहून जास्त भाग तिथेच गेला, उरलेला शाईच्या पसरण्याने. एनचे पाय असे गेले. आठ पॉइंटाच्या खालच्या ओळीला तर मुळात वाचण्याची आशाच नव्हती.

जिथे ती शोभली

एवढं रामायण झाल्यावर अण्णा म्हणाले, ते अक्षरच काढून टाका. वहिनींनी काही न बोलता बॉक्स आणून गादीवर ठेवला.

बॉक्स खरंच देखणा झाला होता. बाटलीच्या हिरव्या रंगाचा मॅट कागद, झाकणावर फक्त नाव, ६० पॉइंटात, सोनेरी फॉइल. पहिला नमुना मखमली पोताच्या कागदावर केला होता. त्यावर फॉइल उंचवट्यांवर बसलं, खळग्यांत सुटलं आणि केसरेघ मोत्यांच्या तुटक्या सरीसारखी आली. मग साधा गुळगुळीत कागद घेतला आणि पितळी ब्लॉक करून घेतला. उजेडात बॉक्स हलवला की जाड खांब चमकतात आणि बारीक रेघा क्षणभर दिसून विझतात. हे दुसऱ्या कुठल्याही अक्षराने झालं नसतं. दोन जाड्यांमधलं अंतर जितकं जास्त तितका हा खेळ चांगला. सोन्याचं फॉइल आणि बोदोनी यांची सोयरीक त्यासाठीच जमते.

तेव्हा अक्षर काढायचं नाही असं ठरलं. कुठे वापरायचं नाही, ते ठरवायचं.

फोनच्या पडद्याबद्दल फार लिहीत नाही. पडदे आता इतके बारीक ठिपक्यांचे आहेत की नाव मोठं ठेवलं तर केसरेघ टिकते. व्हॉट्सअॅपवर फोटो दाबला जातो तेव्हा कडा धुरकट होतात, इतकंच.

टॅग, बिल आणि तीन-आठचा प्रश्न

वहिनींनी उत्साहात दागिन्यांच्या टॅगवरही बोदोनी घेतली होती, वजनाच्या आकड्यांसकट. हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. गल्ल्यावरच्या मुलाने सांगितलं तेव्हा कळलं: "तीनाचा आठ वाचायलोय ओ मी."

टॅग बारकोडच्या प्रिंटरवर निघतात. तो इंचाला २०३ ठिपके टाकतो, म्हणजे एक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा. सहा पॉइंटाच्या बोदोनीत केसरेघ ०.०४ मिलिमीटर, ठिपक्याच्या एकतृतीयांश. प्रिंटरला अर्धवट ठिपका टाकता येत नाही. तो एक तर पूर्ण टाकतो किंवा टाकतच नाही, आणि कुठे टाकेल हे अक्षर ठिपक्यांच्या जाळीवर कसं पडलं यावर अवलंबून. म्हणून एकाच टॅगवर एक तीन नीट, दुसरा बंद होऊन आठासारखा, तिसरा मधेच तुटलेला. बोदोनीत तीन, पाच, सहा, आठ, नऊ या आकड्यांच्या ओळखी केसरेघेच्या बारीक सांध्यांवरच असतात. जाड पोटं सगळ्यांची सारखी.

सराफात हे चालत नाही. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक, म्हणजे एचयूआयडी, असल्याशिवाय तो विकता येत नाही. त्या सहांत इंग्रजी अक्षरंही येतात, म्हणजे आठ आणि बी, पाच आणि एस यांची भानगड वेगळीच. बिलावर निव्वळ वजन, कॅरेट, शुद्धता आणि हॉलमार्किंगचं शुल्क लिहायचं असतं. तिथे २३.४५० ग्रॅमचं २८.४५० वाचलं गेलं तर पाच ग्रॅमचा फरक पडतो, आणि पाच ग्रॅम सोनं म्हणजे काय हे गुजरीत कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

टॅग आणि बिलावरून बोदोनी पूर्ण काढली. तिथे 'एक टाइप' या अक्षरं बनवणाऱ्या मंडळींची मुक्ता घेतली: सरळ, एकसारख्या जाडीची, मराठी-इंग्रजी दोन्ही असलेली आणि फुकट मिळणारी. बिलाच्या डोक्यावर नाव तेवढं बोदोनीत, ३६ पॉइंटात, एकाच काळ्या शाईत. त्याच्याखाली अण्णांचा रबरी शिक्का पूर्वीसारखाच पडतो. तो शिक्का कुठल्या अक्षरात आहे हे मला चार वेळा बघूनही सांगता आलेलं नाही, पण त्यातला प्रत्येक आकडा वाचता येतो.

पाटी आणि पेंटरमामा

दारावर इंग्रजी नाव आतून उजळणाऱ्या अॅक्रिलिकमध्ये करायचा बेत होता. अक्षराचं माप ३०० मिलिमीटर, तेव्हा केसरेघ ६ मिलिमीटर. एवढ्या अरुंद पोटात एलईडीची पट्टी बसत नाही, म्हणजे रात्री जाड खांब पेटणार आणि बारीक रेघा अंधारात. पुन्हा एन गेला. शिवाय निकोप डोळ्याला साधारण एक कलेचा (अंशाच्या साठाव्या भागाचा) कोन ओळखू येतो, जो २० मीटरवर ५.८ मिलिमीटर होतो. गुजरीची गल्ली अरुंद, २० मीटरच्या पलीकडून कोणी पाटी वाचत नाही, म्हणून दिवसा ६ मिलिमीटर पुरतात, पण काठावर पास. आतला उजेड रद्द केला. पितळेच्या पत्र्यातून कापलेली अक्षरं आणि वरून दोन दिवे. पितळेला धार छान आली.

मराठी नावाचा प्रश्न यापेक्षा अवघड होता, आणि मला त्याचंच जास्त सांगायचं आहे.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलाने इंग्रजीला जोड म्हणून मराठी नाव बोदोनीच्या कायद्याने काढलं. उभं ते जाड, आडवं ते केसाएवढं. त्यामुळे काने, दंडे भरगच्च झाले आणि शिरोरेषा केसरेघ झाली. कॉम्प्युटरवर बघताना क्षणभर भुरळ पडली, नवीन दिसत होतं. मग आम्ही त्याच अक्षरात भावफलक काढून पाहिला: 'आजचा भाव'. चार फुटांवरून तो 'आजचा माव' दिसायला लागला.

कारण उघड आहे. शिरोरेषा मराठीत दागिना नाही, तिच्यावर अक्षरं ओळखली जातात. घ आणि ध, म आणि भ यांच्यात फरक करताना डोळा आधी डोक्यावरची रेघ अखंड आहे की मधे सुटली आहे हे बघतो. रेघच पुसट झाली तर तिचं सुटणं कोणाला दिसणार? इंग्रजीत केसरेघ गेली की अक्षर लंगडतं. आपल्याकडे शिरोरेषा गेली की शब्दच सुटा होतो, दोरी तुटलेल्या वाळवणासारखा.

जुनी पाटी मंगळवार पेठेतल्या एका पेंटरांनी रंगवली होती. सगळे त्यांना पेंटरमामा म्हणतात. आता काम कमी करतात. त्यांना दाखवलं. त्यांनी मुलाच्या अक्षरावर काही टीका केली नाही, ब्रश मागवला. सपाट कापलेला ब्रश तिरका धरून त्यांनी वर्तमानपत्रावर एक उभा दंडा ओढला आणि तसाच, मनगट न वळवता, एक आडवी रेघ. दोन्ही जवळजवळ सारख्याच जाड. "ब्रश हा असा धरला की उभं बी जाड आणि आडवं बी जाड. बारीक होतंय ते तिरक्यात. आणि इंग्रजीचं तिरकं आपल्या उलट्या अंगाचं."

यात सगळं आलं. बोरूची काप रोमन टाकाच्या उलट दिशेची, म्हणून देवनागरीची जाडी उलट्या तिरकसात पडते, आणि उभा दंडा नि शिरोरेषा दोन्ही भरीव राहतात. बोदोनीने टाकाची आठवण पुसून जाडी उभ्यात आणि बारीकपणा आडव्यात टाकला. ते रोमन अक्षराला पेललं, कारण त्याच्या डोक्यावर कायमची आडवी रेघ नाही. देवनागरीत जाडबारीक करायला ना नाही. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या जुन्या पुस्तकांतली अक्षरं बघा, कसलं डौलदार जाडबारीक आहे. पण तिथली बारीक रेघ तिच्या स्वतःच्या जागी आहे, बोदोनीच्या जागी नाही.

रोझा वन हा इंडियन टाइप फाउंड्रीचा २०१४ चा खुला फॉन्टही लावून पाहिला. टोकाचं जाडबारीक, देवनागरी आणि रोमन दोन्ही एका हाताची. मोठ्या मथळ्याला मला तो मनापासून आवडतो. पण तो एकाच, भारी वजनात आहे. आमच्या सडपातळ बोदोनीशेजारी तो लग्नातल्या बँडसारखा वाजत होता. शेवटी मराठी नाव पेंटरमामांनीच लिहिलं. मी त्यांना दोनच मापं दिली: दंड्याची जाडी बोदोनीच्या खांबाएवढी, आणि दुरून डोळे बारीक करून पाहिलं तर दोन्ही नावांचा काळेपणा सारखा. बारीक रेघ जुळवायची नाही, हे त्यांना सांगावंच लागलं नाही. शिरोरेषा त्यांनी दंड्याच्या पाऊण जाडीची ठेवली, ल पाकळीचा आणि श गाठीचा, आपल्या शाळेतला. कॅटलॉगमधल्या मजकुराला टिरो देवनागरी मराठी घेतली, तीही फुकट मिळते आणि तिच्यात ल-श मराठी वळणाचे आहेत.

दसरा

इंग्रजी बोदोनीचं बाकी राहिलं होतं. वेगवेगळ्या मापांसाठी वेगळी काढलेली बोदोनी मिळते. १९९४च्या आयटीसी बोदोनीत ६, १२ आणि ७२ पॉइंटांसाठी तीन वेगळी चित्रं आहेत. ती करणारी मंडळी त्यासाठी पार्माला जाऊन मूळ ठसे बघून आली होती. आम्ही बोदोनी मोडा घेतली. ती खुली आहे आणि तिच्यात माप सांगितलं की केसरेघ त्या मानाने जाड-बारीक होते. बॉक्सवर मोठ्या मापाचा काप, कॅटलॉगच्या छोट्या मथळ्यांना लहान मापाचा. शेजारी ठेवले तर दोन वेगळी अक्षरं वाटतात. आपापल्या जागी ठेवले तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

दसऱ्याच्या जाहिरातीत मरून रंग काढून टाकला. पांढरा कागद, नाव फक्त काळ्या शाईत, एकाच प्लेटवर, ४८ पॉइंटात आणि लहान मापाच्या कापात, म्हणजे केसरेघ मुद्दाम जाड असलेल्या. नाव मोठं झालं म्हणून वहिनी थोड्या नाराज होत्या. मग साजाचा फोटो लहान करून त्यांनी स्वतःच मोकळी जागा काढली आणि जाहिरात पहिलीपेक्षा शांत दिसायला लागली.

अक्षय्य तृतीयेच्या त्या जाहिरातीचे पैसे अण्णांनी माझ्या बिलातून कापले नाहीत. पण दसऱ्याच्या आदल्या रात्री मला छापखान्यावर पाठवलं आणि जाताना ड्रॉवरमधून हिरे बघायचं भिंग काढून हातात दिलं. रात्री बाराच्या सुमाराला मशीनवरून ओला अंक उचलून मी भिंगाखाली धरला. एनचे चारही पाय जागेवर होते, कडा किंचित केसाळ. मशीनमनने विचारलं, "काय शोधायलाय?" मी त्यालाही दाखवलं. त्याने बघितलं, भिंग परत दिलं आणि म्हणाला, "हे दिसतंय की चष्म्याशिवाय."

भिंग अजून माझ्याकडेच आहे. अण्णा दर वेळी मागतात.